नेम धरून चुकणारे

पूल हा खेळ उत्तम येत असूनही बेताचाच येतो असे भासवायचे आणि अनोळखी माणसाकडून पैसे जिंकायचे, असा धंदा करणाऱ्याला अमेरिकेत ‘हस्टलर’ म्हणतात. मराठीत या कृतीला पूर्वीपासून नाव आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. आपल्या म्हणीतल्या माणसाचे पेडगावला एकदा जाऊन भागते. हस्टलरला मात्र रोज रात्री जावे लागते आणि दर वेळी पेडगाव नवे शोधावे लागते, कारण जुन्या पेडगावातले लोक त्याचे तोंड ओळखू लागलेले असतात.

हा खेळ बदनाम होण्याआधी त्याचे नावच बदनाम होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पूलरूम’ म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा अड्डा. सगळ्यांनी वर्गणी काढावी तसे पैसे एकत्र करायचे, तो ‘पूल’. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून तिथे बिलियर्ड्सची टेबले मांडली गेली. पुढे घोडे गेले, टेबले राहिली आणि अड्ड्याचे नाव खेळाला चिकटले. बिलियर्ड्सच्या व्यापाऱ्यांनी ‘पॉकेट बिलियर्ड्स’ असे सोवळे नाव रूढ करण्याची बरीच खटपट केली. पण बारशाचे नाव आणि हाकेचे नाव यांत जिंकते कोण, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५७ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेत एक भामटा आयोवातल्या गावात येतो, गावात पूलचे टेबल आले आहे, आता मुले बिघडणार अशी आवई उठवतो आणि त्यावर उतारा म्हणून बँडची वाद्ये व गणवेश विकतो. पूलच्या टेबलाला हातही न लावता पूलवर पैसे कमावणारा हा बहुधा एकमेव हस्टलर म्हणावा लागेल.

सगळेच खेळ या धंद्याला सारखे उपयोगी पडत नाहीत. शंभर-दीडशे गुणांपर्यंत चालणारा ‘स्ट्रेट पूल’ हा विद्वानांचा खेळ. त्यात खरा खेळाडू फार वेळ लपून राहू शकत नाही. ‘नाइन-बॉल’ मात्र जणू याच कामासाठी जन्मला आहे. टेबलावर १ ते ९ आकड्यांचे बॉल, सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श करायचा आणि ९ नंबरचा बॉल जो पाडेल तो जिंकला, मग आधीचे आठ कोणीही पाडलेले असोत. डाव काही मिनिटांत संपतो, नशिबाला वाव असतो आणि हरणाऱ्याला दर वेळी वाटते, की थोडक्यात हुकले. एका तासात दहा-बारा वेळा ‘थोडक्यात’ हुकता येते. ‘वन-पॉकेट’ हा तिसरा प्रकार. यात प्रत्येकाला एकच कोपऱ्यातले पॉकेट मिळते आणि त्यात आठ बॉल आधी घालणारा जिंकतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन म्हातारे तासभर काहीच करत नाहीत असे वाटते. जाणकारांच्या मते मोठ्या रकमा याच टेबलावर हलतात.

या धंद्याची खरी विद्या बॉल पाडण्यात नाही. तेवढे तर यायलाच हवे. ते बालवाडीतले काम. विद्या आहे ती बॉल न पाडण्यात, आणि न पडलेला बॉल पडणारच होता असे वाटायला लावण्यात. नवशिक्या हस्टलर ढोबळ चुकतो. बॉल पॉकेटपासून वीतभर लांबून जातो, समोरच्याला संशय येतो आणि तो कोट चढवून घरी निघतो. मुरलेला हस्टलर बॉल पॉकेटच्या दोन्ही कडांवर आपटवून तोंडाशी आणून ठेवतो. पण तोंडाशी लटकलेला बॉल म्हणजे समोरच्याला आयता प्रसाद. म्हणून त्याच फटक्यात पांढरा बॉल, म्हणजे काठीने मारायचा बॉल, अशा जागी नेऊन ठेवायचा असतो, की प्रसाद दिसावा पण हात पोचू नये. वर ‘नशीब बघा’ म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारायचा. एकाच फटक्यात तीन कामे झाली आणि त्यांतले एकही फळ्यावर लिहिले जात नाही. दुसरी रीत आणखी सभ्य आहे. बॉल पाडायचा, मात्र पांढरा बॉल मुद्दाम वाईट जागी न्यायचा आणि पुढचा फटका प्रामाणिकपणे अवघड करून घ्यायचा. मग चुकले तरी कोणी नाव ठेवत नाही.

अमेरिकेत पांढऱ्या बॉलला बाजूने फिरकी देण्याला ‘इंग्लिश’ म्हणतात. खुद्द इंग्लंडात तिला ‘साइड’ म्हणतात, पण तो वाद त्या दोन देशांनी बघून घ्यावा. आपल्याकडे माणूस इंग्लिश येत नसताना येते असे दाखवण्यात आयुष्य घालवतो. अस्खलित इंग्लिश येत असून ते येत नाही असे दाखवणारा इसम फक्त पूलच्या टेबलावर सापडतो. त्यातही दाखवायचे किती आणि झाकायचे किती, याचे गणित असते. खऱ्या ताकदीला या लोकांच्या बोलीत ‘स्पीड’ म्हणतात, आणि ‘स्पीड’ झाकणे हा धंद्याचा पहिला नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण अमेरिकेत कोणी ऐकलेली नसेल. तिथले हस्टलर मात्र ती डॉलरमध्ये जगत आले.

खेळ लपवला तरी शरीर चुगली करते. खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला प्रत्येक फटक्याआधी खडू लावणारा माणूस, डाव्या हाताच्या बोटांचा घट्ट ‘ब्रिज’ करणारा माणूस, फटका मारल्यावरही खाली वाकूनच राहणारा माणूस जाणकार नजरेला दारातूनच कळतो. म्हणून हस्टलर खडू विसरतो, बोटे सैल ठेवतो आणि फटका लागताच अंगाला आळोखेपिळोखे देऊन बॉलला वाटेत समजावतो. स्वतःची दोन तुकड्यांची, पेटीतून काढून जोडायची क्यू घेऊन बारमध्ये शिरणे म्हणजे पाटी लावून शिरणे. यावर तोड म्हणून ‘स्नीकी पीट’ नावाची क्यू निघाली. दिसायला भिंतीवरच्या स्टँडमधली मळकी, सार्वजनिक क्यू. आत मात्र उत्तम लाकूड आणि मधोमध सहज न दिसणारा सांधा. ती स्टँडमधल्या इतर क्यूंमध्ये आधीच ठेवून द्यायची आणि नंतर जणू हाताला लागली म्हणून उचलायची. गरीब दिसण्यासाठी केलेला असा खर्च गांधीवाद्यांच्या संदर्भात आपल्याकडेही विनोदाचा विषय झालेला आहे.

बारमधल्या टेबलांची एक वेगळीच गंमत आहे. नाणे टाकून खेळायच्या सात फुटी टेबलात पडलेले बॉल पोटात अडकून राहतात; पांढरा बॉल मात्र परत यायला हवा. टेबलाला तो ओळखू यावा म्हणून जुन्या टेबलांवर तो इतरांपेक्षा मोठा किंवा जड ठेवत. पुढे चुंबकाने ओळखले जाणारे बॉल आले. जड बॉल मागे खेचायला नाखूश असतो. नऊ फुटी टेबलावर तयार झालेला मोठा खेळाडू पहिल्यांदा अशा टेबलावर आला, की गावातला साधा ट्रकवाला त्याला नाचवतो. पेडगावच्या लोकांचेही कधीकधी दिवस येतात ते असे.

डाव मात्र टेबलावर सुरू होत नाही. तो बोलण्यात सुरू होतो. दुबळ्या खेळाडूला आधी काही सवलत द्यायची पद्धत आहे, तिला ‘स्पॉट’ म्हणतात. नाइन-बॉलमध्ये ‘तू ९ नंबर पाडलास तरी चालेल आणि ८ पाडलास तरी’, वन-पॉकेटमध्ये ‘मी आठ घालीन, तू सहाच घाल’, अशी ही बोलणी. लग्नाच्या याद्या कराव्यात तशी ती चालतात. दोन्ही पक्ष आपण किती गरीब आणि समोरचा किती मातबर हे शपथेवर सांगत असतात, कोणाची तरी पाठ दुखत असते, कोणी तरी सहा महिन्यांत क्यूला हात लावलेला नसतो. दोन हस्टलर समोरासमोर आले तर या याद्याच रात्रभर चालतात आणि खेळ होतच नाही, कारण दोघांनाही आपल्याला सवलत हवी असते. खरा डाव इथेच जिंकला किंवा हरला जातो. पुढची दोन-तीन तासांची खटपट ही नुसती वसुली.

मग आवळा देऊन कोहळा काढण्याची पाळी येते. पहिले दोन-चार डाव हरायचे, तेही बारीक रकमेवर. समोरच्याला अमेरिकन बोलीत ‘फिश’ म्हणजे मासा म्हणतात. आपल्याकडे याच पदावर बकऱ्याची नेमणूक आहे. मासा खूश झाला, की रक्कम वाढवायची सूचना त्याच्याच तोंडून यावी अशी वाट बघायची. नंतर जिंकायचे, तेही काठावर. दणकून हरलेला मासा पुन्हा गळाला येत नाही. नेड पोल्स्की हे समाजशास्त्रज्ञ स्वतः बिलियर्ड्स खेळणारे. त्यांनी न्यूयॉर्कच्या पूलरूममध्ये बसून या लोकांचा अभ्यास केला आणि तो १९६७ च्या ‘हस्टलर्स, बीट्स अँड अदर्स’ या पुस्तकात आहे. हस्टलरला आपला खेळ सतत आवरून धरावा लागतो, सलग फार बॉल पाडता येत नाहीत आणि फरक नेहमी थोडका ठेवावा लागतो, हे त्यांनी तपशिलाने मांडले. म्हणजे आयुष्यभर रियाज करून मिळवलेला गळा मैफिलीत मुद्दाम बेसूर लावायचा. आसपास बसलेल्या बघ्यांना सगळे कळत असते. पण माशाला सावध करणे हा त्या जगात गुन्हा; त्याला ‘नॉक’ करणे म्हणतात आणि तो करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी शेजारी बसू देत नाही. एरवी जुगार खेळू नये अशी पाटी भिंतीवर असतेच.

एवढ्या सगळ्या हिकमतीनंतर हस्टलर श्रीमंत होत असेल असे वाटते. तसे फारसे दिसत नाही. त्याच्यापाशी पणाला लावायला पैसेच नसतात, म्हणून पैसे पुरवणारा ‘स्टेकहॉर्स’ लागतो. हरल्यास नुकसान सगळे त्याचे आणि जिंकल्यास निम्मे तरी त्याचे. आता यात एक भोक राहते, आणि भोके शोधणे हाच ज्याचा व्यवसाय त्याला ते दिसायला वेळ लागत नाही. नुकसान दुसऱ्याचेच आहे, तर समोरच्याशी आधीच संगनमत करून हरावे आणि त्याच्या जिंकलेल्या पैशांत वाटा घ्यावा. याला ‘डंप’ म्हणतात. मग स्टेकहॉर्स खुर्चीत बसून समोरच्या खेळाडूकडे बघतच नाही. डोळ्यांत तेल घालून बघतो ते स्वतःच्याच माणसाकडे. आपला माणूस चुकला तो धंद्यासाठी चुकला की आपल्यासाठी, हे ठरवणे ब्रह्मदेवालाही अवघड.

या मंडळींची नावे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतो तसा तिथे गावावरून टोपणनावाला जोर येतो. बोस्टन शॉर्टी, जर्सी रेड, नॉक्सव्हिल बेअर हे म्हणजे बोस्टनकर, जर्सीकर आणि नॉक्सव्हिलकरच. ल्यूथर लॅसिटर खाण्याच्या आवडीवरून ‘विम्पी’ झाला, तर बिल स्टेटन स्वतःच्या हॉटडॉगच्या दुकानांवरून ‘वीनी बीनी’. टायटॅनिक थॉम्पसन या पैजबाजाच्या नावाची कथा तर पूलरूममध्येच घडल्याचे सांगतात. १९१२ साली मिसूरीतल्या जॉपलिन गावी त्याने टेबलाला स्पर्श न करता त्यावरून उडी मारण्याची पैज जिंकली. कोणी तरी त्याचे नाव विचारले. दुसरा म्हणाला, भेटेल त्याला बुडवतो, तेव्हा टायटॅनिकच असणार. जहाज नुकतेच बुडाले होते. हा गृहस्थ गोल्फमध्ये उजव्या हाताने जिंकून झाल्यावर ‘आता डाव्याने खेळतो, दुप्पट लावा’ म्हणे. मूळचा तो डावराच होता.

१९६१ पासून या सर्व ‘कर’ मंडळींचा एक वार्षिक उरूस भरू लागला. दक्षिण इलिनॉयमधले जॉन्स्टन सिटी हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातले लहानसे गाव. तिथे जॉर्ज आणि पॉली जान्स्को या भावांनी हस्टलरांची स्पर्धा सुरू केली. दिवसा स्पर्धा, रात्री खरा खेळ. स्पर्धेचे बक्षीस हे प्रवासखर्चासारखे, कमाई रात्रीची. म्हणजे जे लोक अनोळखी असण्यावर जगत होते ते सगळे एका छपराखाली येऊन वर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. १९७२ साली केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी धाड घातली आणि उरूस उठला. अधिकाऱ्यांना फार शोधाशोध करावी लागली नसावी, कारण तारीख दर वर्षी जाहीरच होत असे.

या धंद्यात नाव झाले की पोट गेले, हा नियम एकाच माणसाने मोडला. रूडॉल्फ वॉन्डरोन, जन्म १९१३, न्यूयॉर्क. अंगाने भरपूर, तोंडाने त्याहून भरपूर. ‘न्यूयॉर्क फॅट्स’, ‘ब्रॉडवे फॅट्स’ अशी त्याची नावे होती. १९५९ साली वॉल्टर टेव्हिस यांची ‘द हस्टलर’ ही कादंबरी आली आणि तिच्यावरचा पॉल न्यूमन व जॅकी ग्लीसन यांचा चित्रपट १९६१ मध्ये. त्यात ‘मिनेसोटा फॅट्स’ नावाचा एक अजिंक्य समजला जाणारा, जाडजूड, रुबाबदार खेळाडू आहे. वॉन्डरोनने जाहीर केले, की तो मीच. टेव्हिस म्हणाले, तो माझ्या डोक्यातून आला. लेखकाचे कोण ऐकतो? न्यूयॉर्ककर रातोरात मिनेसोटाकर झाला, आणि मरेपर्यंत तोच राहिला. पुढे त्याने आत्मचरित्र लिहवून घेतले, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केला, पूलची टेबले विकणाऱ्या कंपनीच्या वतीने देशभर हिंडला. एकही मोठी स्पर्धा त्याने जिंकली नाही. १९८४ साली बिलियर्ड्सच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला घेतले गेले ते खेळाबद्दल नव्हे, खेळाच्या सेवेबद्दल. आयुष्यभर सगळे झाकून ठेवायच्या धंद्यात ज्याने काहीच झाकले नाही, उलट नसलेलेही दाखवले, तो एकटाच सुखाने जगला.

या सगळ्याचा सर्वांत जास्त राग कोणाला आला असेल, तर विली मोस्कोनी यांना. जन्म त्याच १९१३ साली, फिलाडेल्फियात. वडिलांचे पूलरूम होते, पण मुलाने क्यूला हात लावू नये म्हणून ते बॉल कुलपात ठेवत. पोराने आईच्या स्वयंपाकघरातले गोल बटाटे आणि केरसुणीचा दांडा घेतला आणि रात्री सराव केला. बटाट्यावर इंग्लिश देणारा मुलगा पुढे कुठवर गेला? १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जगज्जेता. मार्च १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड येथे प्रदर्शनी सामन्यात त्यांनी एकदाही न चुकता सलग ५२६ बॉल पाडले. हा विक्रम २०१९ पर्यंत टिकला. कोट, टाय, चकचकीत बूट. पूल हा सभ्य गृहस्थांचा खेळ आहे, हे लोकांना पटवण्यात त्यांचा जन्म गेला. आणि ‘द हस्टलर’च्या वेळी तांत्रिक सल्लागार म्हणून न्यूमनला क्यू धरायला त्यांनीच शिकवले होते. म्हणजे मिनेसोटा फॅट्स नावाचे जे भूत पुढे त्यांच्या मानगुटीवर बसले, त्याच्या प्राणप्रतिष्ठेला ते स्वतः हजर होते.

१४ फेब्रुवारी १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात या दोघांचा सामना दूरचित्रवाणीवर झाला. समालोचक हॉवर्ड कोसेल. मोस्कोनी पासष्टीकडे झुकलेले, केस पांढरे, ओठ घट्ट मिटलेले. फॅट्स तोंडाचा पट्टा चालवत होता: विनोद, बढाया, जुन्या पैजांच्या कहाण्या, मोस्कोनी फटका मारत असतानासुद्धा. मोस्कोनी रीतसर जिंकले. पुढे काय झाले? लोकांनी फॅट्सला डोक्यावर घेतले. हरलेल्या माणसाची मागणी वाढली आणि दोघांच्या आणखी लढती ठरल्या. हस्टलरने हरून कमवावे, हा धंद्याचा मूळ नियम या एका संध्याकाळी देशासमोर सिद्ध झाला. फक्त या वेळी हरणे खरे होते.

१९८६ साली ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने पॉल न्यूमनला ऑस्कर दिले आणि अमेरिकेत पूलची पुन्हा लाट आणली. हस्टलरांचे मात्र नुकसान झाले, कारण तिकीट काढून आलेल्या प्रत्येक माशाने स्पीड लपवणे आणि डंप हे दोन्ही धडे पडद्यावर पाहिले. त्याच सुमारास फिलिपिन्सहून एक सडपातळ, हसरा, बोळका वाटावा असा माणूस अमेरिकेत आला. एफ्रेन रेयेस हे त्याचे नाव पूलच्या जगात कानावर आलेले होते, चेहरा कोणाला ठाऊक नव्हता. म्हणून १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या स्पर्धेत तो ‘सेझर मोरालेस’ या नावाने उतरला आणि जिंकला. पुढे १९९६ साली हाँगकाँगमध्ये १ लाख डॉलरच्या लढतीत त्याने अर्ल स्ट्रिकलंडला १२० विरुद्ध ११७ असे हरवले. तीन दिवस, २३७ डाव आणि फरक तीनचा. जुन्या हस्टलरांनी पाहिले असते तर म्हणाले असते, माणसाने फरक किती नेमका थोडका ठेवला.

पुण्या-मुंबईत कॉलेजांजवळच्या पूल पार्लरमध्ये हा धंदा मुळे धरू शकला नाही. तिथे सहसा हरणारा टेबलाचे भाडे भरतो, आणि फार तर थंड पेय पाजतो. एवढ्यासाठी नेम धरून चुकण्याचे कष्ट घेण्यापेक्षा सरळ मित्राकडून उसने मागणे स्वस्त पडते.

अमेरिकेतही आता रस्त्यावरचा हस्टलर दुर्मीळ झाला आहे. खिशातल्या फोनवर सामने थेट दिसतात. फार्गोरेट नावाच्या यादीत खेळाडूंची नावे आणि त्यांच्या ताकदीचा आकडा अ‍ॅपवर बघता येतो. दारातून शिरलेल्या पाहुण्याने खडू लावायचे विसरण्याआधीच त्याचा आकडा समोरच्याच्या खिशात असतो.

विद्या मात्र मेलेली नाही. ती संसारी माणसांच्या घरी कामाला लागली आहे. हौशी खेळाडूंच्या एपीए या लीगमध्ये एट-बॉलसाठी प्रत्येकाला २ ते ७ असा दर्जा मिळतो आणि सामन्याला उतरणाऱ्या पाच जणांची बेरीज २३ च्या वर जाऊ देत नाहीत. एकाचा दर्जा वाढला, की संघातला कोणी तरी बाहेर बसतो. म्हणून विमा कंपनीतले कारकून आणि शाळेतले शिक्षक दर आठवड्याला मन लावून वाईट खेळतात. बक्षीस म्हणजे लास व्हेगासच्या मोठ्या स्पर्धेचे तिकीट. लीगच्या लोकांनी यावर उपाय काढला आहे. बॉल पाडण्याचा हेतूच नसलेला प्रत्येक फटका गुणपत्रकावर वेगळा टिपायचा, म्हणजे तो खेळाडूच्या अपयशात धरला जात नाही. हा हेतू ओळखण्याचे काम गुण लिहिणाऱ्याकडे असते. तो दोन्ही संघांचा शेजारी, कधी मेहुणा, पेन्सिल हातात धरून टेबलाकडे बघत बसतो. बॉल पॉकेटच्या दोन्ही कडांना आपटून तोंडाशी थांबतो, मारणारा कपाळावर हात मारतो आणि मेहुण्याची पेन्सिल हवेतच राहते.